मामांच्या गाडीचा कुलवृत्तांत

स्वतःच्या पणजोबांचं नाव न आठवणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण आपल्या मोटारीच्या साऱ्या पूर्वजांची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे.

मामा मूळचे चिपळूणचे, गेली पंचवीस वर्षं कतारमध्ये, दोह्यातल्या अल मन्सूरा भागात राहतात. त्यांच्याकडे एक जुनी, छोटी युरोपियन हॅचबॅक आहे. तिचं नाव ते घेत नाहीत, नुसतं 'आमची' म्हणतात. घराण्याचा लिहावा तसा तिचा कुलवृत्तांत त्यांनी दोनशे पानी वहीत लिहिला आहे. मूळ पुरुष चौकोनी तोंडाचा, मागचं दार वर उघडणारा; दुसरी पिढी चार बोटं लांब; तिसरीत कडा गोल झाल्या, इंजिन बदललं आणि अंगावर चरबी चढली. 'आमची' या तिसरीतली. चौथीत काचांना बटणं आली, तो मामांच्या मते घराण्याचा ऱ्हास. जेवायला बोलावलं की आमटीबरोबर ते ही वंशावळही वाढतात, आणि मध्येच कोणी पाणी मागितलं तर पुन्हा मूळ पुरुषापासून सुरुवात करतात.

या गाडीत बसणं ही मात्र शिक्षा. शेजारची सीट इतकी पुढे, की माझे गुडघे समोरच्या खणाला टेकतात. ते माप मामींचं. मामी जाऊन पाच वर्षं झाली, तरी माझा हात सीटखालच्या खटक्याकडे गेला की मामा दरडावतात, "हात वर ठेवा, जावईबापू."

गेल्या महिन्यात वार्षिक तपासणीत 'आमची' ब्रेकवर नापास झाली. तिचा सुटा भाग कुठेच मिळेना. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मोटारीचा तंतोतंत बसत होता, पण मामा ऐकतील तर शपथ. "दोघींचा सांगाडा एक. म्हणजे सगोत्र! सगोत्र जुळवत नाहीत." मी कपाळाला हात लावला. फेरतपासणीची मुदत संपली की इतक्या जुन्या गाडीला भंगाराखेरीज वाट नव्हती. अखेर एक दिवस उरला तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटून होकार दिला.

शेवटच्या दिवशी आम्ही रांगेत उभे राहिलो. ब्रेक पास झाले. मामा वही छातीशी धरून काहीतरी पुटपुटत होते. इतक्यात गाडीखालून बॅटरी घेतलेला केरळी तपासनीस बाहेर आला.

"अंकल, नीचे जंग है. ऊपर से फ्लोर देखना पड़ेगा. ये सीट पीछे करो."

"दूसरी तरफ से देखो ना," मामा म्हणाले.

"नहीं तो फेल. यल्ला, जल्दी अंकल, पीछे लाइन है."

मामा हलेनात. मागचे हॉर्न वाजवू लागले. हा माणूस गाडी घालवील पण सीट हलवू देणार नाही, अशी मला भीती वाटली. शेवटी मामा स्वतःच वाकले आणि त्यांनी खटका ओढला. सीट खडखडत मागे गेली. तपासनिसाने मॅट उचललं, पत्र्यावर ठोकून पाहिलं.

"ऊपर-ऊपर का है. खलास, पास."

आम्ही गाडीत बसलो. पाय लांब पसरता येत होते, आणि त्याचीच मला लाज वाटत होती. मामा किल्ली फिरवीनात.

"नेमकी कुठे होती हो?" ते म्हणाले. "खाचा कधी मोजल्याच नाहीत मी."

दोनशे पानांत तेवढंच लिहायचं राहिलं होतं.

"मामा, माझ्या गुडघ्यांना पाठ आहे," मी म्हणालो, आणि खटका ओढून, गुडघे नेहमीच्या जागी टेकेपर्यंत सीट पुढे घेतली.

मामांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी गाडी सुरू केली.

"हात वर ठेवा, जावईबापू," ते हळूच म्हणाले.