अक्कांच्या कासवावरची बुरशी

कासवालाही नायटा होतो हे मला कळलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि स्वतःचं लग्न ठरल्यासारखा हरखलो होतो. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून बेंगळुरूला येऊन मी एका प्रयोगशाळेत नाचणीवरच्या बुरश्या ओळखायला लागलो होतो. त्या सगळ्या आधीच कुणीतरी ओळखून ठेवलेल्या. मी फक्त त्यांना पुन्हा ओळखायचो आणि पगार घ्यायचो.

बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत मी भाड्याने राहायचो. घरमालकीण अक्का, तिथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की पहिले दोन महिने मी नुसती मान हलवत होतो. मूलबाळ नव्हतं. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं एक कासव मात्र त्यांनी वीस वर्षं सांभाळलं होतं. एका रविवारी त्यांनी ते माझ्यासमोर आणून ठेवलं. चांदण्यांवर पांढरी खपली धरली होती.

"अण्णा, तू बुरशीचा डॉक्टर ना? स्वल्प बघ की."

मी कसलाच डॉक्टर नव्हतो, पण बघितलं. ब्लेडने खपली खरवडली, प्रयोगशाळेत नेऊन नळीत बटाट्याच्या रसावर पेरली. आठवडाभरात राखी लव उगवली. सूक्ष्मदर्शकाशेजारी मी ओळखायचं पुस्तक उघडलं. त्यात प्रत्येक पायरीवर दोन वाटा असतात: बीजाणू साखळीत असले तर या पानावर जा, सुटे असले तर त्या. असं जात जात शेवटी नाव सापडतं. माझी बुरशी नवव्या पायरीवर अडली. इकडेही बसेना, तिकडेही बसेना. पाच वेळा मोजलं. पाचही वेळा तेच! मी उठलो तो स्टूल पाडूनच. तिचं लॅटिन नावही माझ्या डोक्यात तयार झालं, माझ्या आडनावासकट. स्वतःचं नाव स्वतःच द्यायचं नसतं, एवढी साधी रीत मला ठाऊक नव्हती.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी सूक्ष्मदर्शकातून शांतपणे पाहिलं. एकदा उगवली म्हणजे हवेतूनही पडलेली असेल, म्हणाले. त्याच जनावरावरून पुन्हा काढून दाखव. तीच आली तर नावाचं बोलू.

मी उडतच घरी आलो. दुसऱ्या वेळी जास्तीचं शहाणपण सुचलं. हवेतली घाण नको म्हणून आधी कासवाची पाठ स्पिरिटने पुसली. एकदा पुसून समाधान होईना, म्हणून चारदा. नळीत काहीही उगवलं नाही. बुरशी मीच मारून मग पेरली होती.

आता ताजी खपली धरेपर्यंत थांबणं आलं. आयोडीनची बाटली मी पहिल्याच आठवड्यात आणून टेबलावर ठेवली होती. अक्का रोज विचारायच्या, "औषध कधी?" मी रोज सांगायचो, "तपासणी चालू आहे."

गुरुवारी कासवाने खाणं सोडलं. कोथिंबिरीची जुडी जशीच्या तशी घेऊन अक्का माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"रविवारपर्यंत थांबा, अक्का!" मी म्हणालो. "जगात कुणी न पाहिलेली निघणार आहे! आत्ता औषध लावलं तर मरेल ना!"

"कोण मरेल?"

"बुरशी."

"अय्यो! म्हणजे औषध आहे घरात?"

लपवायची वस्तू असली की मी नेमका तिच्याकडेच बघतो. मी बाटलीकडे बघितलं. अक्कांनीही बघितलं.

"ह्याला मी वीस वर्षं वाढवलंय. तुझ्या बुरशीला किती झाले?"

"तीन आठवडे."

"सरी, बरं. आता तूच लाव."

मी अंगणात बसून काडीला कापूस गुंडाळला. एकेक चांदणी तपकिरी होत गेली. शेपटीजवळ पोचलो आणि हात थांबला. तिथे नखाएवढी ताजी पांढरी खपली धरायला लागली होती. अजून तीन दिवस, बस! अक्का आत पाणी आणायला गेल्या होत्या. बघणारं कुणी नव्हतं. इथे मी थोर निघालो असं लिहायचा मोह होतोय. खरं म्हणजे कासवाने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मी ओशाळलो. बोळा बुडवून ती खपलीही रंगवली.

साहेब हसले नाहीत, हेच पुष्कळ. दुसरा पुरावा नाही, तर नाव नाही. ती एकुलती एक नळी प्रश्नचिन्हाची चिठ्ठी लावून कपाटात गेली. मी रोज सकाळी औषध लावत राहिलो. कासव उपाशीच. अक्का माझ्याशी बोलत नव्हत्या, नुसता कापूस आणून ठेवायच्या.

दहाव्या दिवशी मी समोर जास्वंदीचं फूल धरलं. कासवाने हुंगलं, जबडा उघडला आणि पाकळी टरकन तोडली.

"अक्का! खातंय! अक्का, बाहेर या, खातंय!" मी अंगणभर नाचत सुटलो. नवव्या पायरीवर अडलो होतो तेव्हाही इतका ओरडलो नव्हतो.

अक्का ओल्या हातांनी धावत आल्या. "हळू रे, मुला! घाबरेल ना ते!"

आणि खरंच, कासवाने डोकं आत ओढून घेतलं, तोंडातल्या पाकळीसकट.