स्टँड पडला तेव्हा

"स्टँड शेवटी पडला!"

"नाही पडला."

"मास्तर, माझ्या पायाशी पडला. इथं. या अंगठ्यापासून एवढ्या अंतरावर."

"तुमच्या अंगठ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण शेवटी नाही पडला."

"म्हणजे मी खोटारडा?"

"मी तसं म्हटलं का? मी म्हटलं, शेवटी नाही पडला."

हे सगळं आमच्या बाहेरच्या खोलीत, भर दुपारी, माझ्या वाढदिवसाच्या केकच्या डोक्यावरून चाललं होतं. पहिला आवाज माझ्या बाबांचा. दुसरा मास्तरांचा. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि निवृत्त झाल्यावरही समोरच्याकडे नकाशात न सापडणाऱ्या गावाकडे बघावं तसं बघायचे. पडलेला स्टँड माइकचा. तो पडून माझ्या वयाइतकी वर्षं झाली होती, पण या मंडळींनी त्याला अजून उठू दिलं नव्हतं.

'ओलं सिमेंट' नावाचा एक बँड होता. तुम्ही ऐकला नसेल तर बाबांच्या लेखी तुम्ही माणसांत जमा नाही. ऐकला असेल, तर चुकीचा ऐकलाय. चार पोरं आणि दीड रेकॉर्ड एवढाच सगळा संसार. दीड अशासाठी, की दुसरी पुरी व्हायच्या आत चौघांची तोंडं चार दिशांना झाली. ते वाजवायचे त्याला पोस्ट-पंक म्हणतात. बाबांनी मला लहानपणी समजावलं होतं: पंकवाले जगावर चिडून ओरडायचे, त्यांच्यानंतरचे हे लोक जगावर चिडून पुटपुटायचे. ओरडणाऱ्याचा निदान घसा तरी बसतो. पुटपुटणाऱ्याचे भक्त होतात.

बँड होता तेव्हा त्याला कुत्रं विचारत नव्हतं. मोडला आणि महान झाला. शेवटचा कार्यक्रम एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात झाला. तेव्हा तिथं मूठभर माणसं होती म्हणे. पुढे जसजशी कीर्ती वाढली तसतशी त्या कारखान्यातली गर्दीही वाढत गेली. आज 'मी होतो' म्हणणारे सगळे खरंच असते, तर कारखान्याच्या भिंतींना बाहेर उभं राहावं लागलं असतं. आमच्या घरी जमणाऱ्या बँडच्या भक्तमंडळात मात्र 'होतो' म्हणणारे दोघंच, मास्तर आणि बाबा. बाकीच्यांनी तो कार्यक्रम कॅसेटवर ऐकलेला. ते बिचारे कबूल करायचे, आणि म्हणून त्यांना सतरंजीवर जागा मिळायची. हे दोघं खुर्चीवर.

बाबा कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात. बाबा त्यात प्लॅस्टर ओततात, मेणात एकेक दात बसवतात, मग गुलाबी हिरड्या घडवून चाकावर घासून चकचकीत करतात. त्यांच्या टेबलाकडे लांबून बघितलं की दहा माणसं एकदम हसताहेत असं वाटायचं. त्या सगळ्यांच्या मागे न हसणारं एकच तोंड असायचं, ते बाबांचं. हातात कला आहे त्यांच्या, हे मी नाकारणार नाही. त्यांनी घडवलेले दात लावून म्हाताऱ्या सुपारी फोडतात. पण त्या कामाबद्दल कुणी कौतुकानं दोन शब्द बोललं की बाबा तोंड वाकडं करायचे. "ते पोटासाठी आहे. मी मूळचा तिकडचा."

तिकडचा म्हणजे कुठला? तर बर्फाच्या कारखान्यातला.

तुच्छता हा बाबांचा खरा धंदा. शेजाऱ्यांच्या रेडिओवर गाणं लागलं की ते खिडकी आपटून बंद करायचे. माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी गायले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर घरी येताना म्हणाले, "टाळ्या पडल्या ना, तिथंच कळलं." आई भांडी घासताना गुणगुणायची. एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन तिला म्हणाले, "तुझा सूर अगदी बरोबर लागतो. म्हणूनच वाईट वाटतं ऐकायला." त्यानंतर आमच्या घरात भांड्यांचाच तेवढा आवाज राहिला.

आता माझ्या वाढदिवसाचं. मी जन्मले त्याच संध्याकाळी तो शेवटचा कार्यक्रम झाला. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा बाबा घरी नव्हते, कामावरही नव्हते. मामानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सगळीकडे माणसं धाडली. बाबा उगवले दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि पाळण्याजवळ उभं राहून पहिलं वाक्य काय बोलले? "जरा मोठ्यानं बोल. कानात दडे बसलेत. काल 'ओलं सिमेंट'चा शेवटचा कार्यक्रम होता."

मामा अंगावर धावून गेला होता. आईनं अडवलं. टाके ओले असताना ती दोन दिवस नवऱ्याशी ओरडून बोलली, कारण त्याला ऐकू येत नव्हतं.

पण माझी आई मोठी हिकमती बाई. तिनं या अपमानाची गोष्ट केली. गोष्ट झाली की अपमान थोडा बोथट होतो. लग्नकार्यात बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायला बसल्या की आईची पाळी आली म्हणजे खसखस पिकायची. "तुमचे दारूपायी जातात, पत्त्यांपायी जातात. आमचे बँडपायी गेले. मला सवत आहे बाई, पण चौघं मिळून एक!" पुढे तर तिला त्याचा एक प्रकारचा अभिमानही वाटायला लागला. माझ्याजवळ एकदा म्हणाली होती, "काही झालं तरी माणसाला वेड असावं गं. वेड्या माणसाला माफ करता येतं. नुसत्या बेफिकीर माणसाला कसं करणार?"

त्या एका वाक्यावर तिचा संसार उभा होता. बाबांच्या कवळ्यांपेक्षा पक्का बसवलेला.

तर, तारीख एकच असल्यामुळे दरवर्षी माझ्या वाढदिवसाला मंडळ आमच्या घरी जमायचं. आधी दिवंगत बँडसाठी एक मिनिट शांतता, मग मेणबत्त्या. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वाढदिवसाला आधी असं मान खाली घालून उभं राहतात. त्यानंतर बाबांचा एकपात्री प्रयोग. ते खुर्ची मागे सरकवून उठायचे, चष्मा काढून पुसायचे, आवाज खाली आणायचे. "सुरुवात अगदी हळू. कुजबुजल्यासारखी. 'जिना' या गाण्यानं. भिंतीतून गारवा येतोय. मग एकेक गाणं चढत चढत, आणि शेवटी सगळा कल्लोळ, आणि गायकानं लाथ मारली. स्टँड माझ्या पायाशी. काच फुटली. अंधार! कुणी एक अक्षर बोललं नाही. आम्ही तसेच घरी गेलो."

विमाकाका, म्हणजे विम्याच्या पॉलिसी विकणारे आणि मंडळाचे विचारवंत, इथं दरवेळी डोळे मिटून म्हणायचे, "कुजबुजीतून कोसळण्याकडे! त्यांचं सगळं आयुष्यच त्या क्रमात आहे."

मास्तर चहा प्यायचे. काही बोलायचे नाहीत.

या वर्षी मात्र बोलले. कारण एका छोट्या कंपनीनं तो कार्यक्रम रेकॉर्डवर काढायचं ठरवलं होतं, आणि वेष्टनावर त्या संध्याकाळी हजर असलेल्या एकाची आठवण छापायची होती. एकाचीच, आणि ती बाबांची ठरली होती. बाबांनी कवळ्यांच्या कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. फोटोही काढून घेतला होता, न हसता. आईनं शेजारणींना बातमी दिली होती: सवतीनं शेवटी काहीतरी नाव काढलं.

"मास्तर, तुम्हाला पोटदुखी झालीये," बाबा म्हणाले. "तुमचं नाव छापून येत नाही म्हणून."

"हो, झालीये. लपवत नाही मी."

"मग सरळ सांगा ना. स्टँडवर कशाला घसरताय?"

"बरं. सरळच सांगतो." मास्तरांनी शबनममधून एक जुना कॅसेट प्लेअर काढला, केक बाजूला सरकवला आणि प्लेअर त्याच्या जागी ठेवला. "कार्यक्रम टेप कुणी केला होता? मी. तुमच्या सगळ्यांकडे आहेत त्या नकलांच्या नकला. ही मूळ."

सतरंजीवर हालचाल झाली. विमाकाका गुडघ्यांवर आले.

"पहिली नक्कल करताना माझी चूक झाली," मास्तर म्हणाले. "मूळ कॅसेटची दुसरी बाजू आधी उतरवली. लक्षात आलं तोवर गावभर नकला झाल्या होत्या, आणि तुम्ही लोकांनी त्या क्रमावर निबंध लिहायला घेतले होते. 'कुजबुजीतून कोसळण्याकडे' म्हणे! अहो विमाकाका, कोसळणं मध्यंतराला झालं. कुजबूज नंतर होती. पोरं दमली होती."

"अशक्य," विमाकाका म्हणाले. त्यांचा चेहरा पॉलिसी बुडालेल्या माणसासारखा झाला.

मास्तरांनी बटण दाबलं. खरखर. मग तो सुप्रसिद्ध कल्लोळ, जो मी बाराखडीच्या आधी ऐकला होता. धडाम्. काच. बाबांच्या कॅसेटवर इथं सगळं संपायचं. इथं संपलं नाही. एक पोरगेला आवाज म्हणाला, "अरे, वायरीत पाय अडकला माझा." कुणीतरी हसलं. मग गायकाचा तो थोर आवाज, ज्याच्यासाठी माझ्या आईचा आवाज बंद झाला होता, अगदी घरगुती सुरात म्हणाला, "चिकटपट्टी आहे का कुणाकडे? चिकटपट्टी?"

"सगळे खिसे चाचपत होते," मास्तर म्हणाले. "अंधार कसला, ट्यूबलाइट लख्ख चालू होती. पाच मिनिटं आम्ही जमिनीवर रांगून फुटलेल्या बाटलीच्या काचा गोळा केल्या. जो तिथं होता तो बाकी सगळं विसरेल, ती चिकटपट्टी विसरणार नाही." मग त्यांनी चष्म्यावरून बाबांकडे बघितलं. "ज्यानं कॅसेट ऐकली त्याच्याच गोष्टीत स्टँड शेवटी पडतो, कवळीवाले."

बाबा म्हणाले, "इतक्या वर्षांनी आठवणी इकडच्या तिकडे होतात."

"होतात. पण बरोबर कॅसेटच्याच क्रमानं कशा होतात?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांना चीत केल्याचा आनंद मास्तरांच्या कानांपर्यंत पसरला होता. भूगोलाच्या माणसाला एवढंही दिसलं नाही, की त्यांनी सुरुंग लावला तो कुणाच्या घराखाली. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात केकची सुरी.

"मास्तर," आई म्हणाली, "म्हणजे हे तिथं नव्हते?"

"वहिनी, पहिल्या वर्षापासून ओळखून आहे मी."

"मग बोलला नाहीत ते कधी?"

"तुमच्याकडचा चहा चांगला असतो."

मी आईच्या हातातून सुरी काढून घ्यायला उठले. तिनं ती स्वतःच टेबलावर ठेवली, अलगद, आवाज न करता. बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. एकपात्रीच्या आधी पुसायचे तसाच. जाड काचा पुसून पुसून लख्ख झाल्या, तरी चष्मा डोळ्यांवर चढेना.

"अहो," आई म्हणाली, "मी काय विचारतेय?"

"अगं, लोकांसमोर—"

"लोकांसमोरच मी तुमची गोष्ट सांगत आले. प्रत्येक लग्नात. लोक हसले, मीही हसले. कानात दडे बसलेत म्हणालात, म्हणून मी टाके धरून तुमच्याशी ओरडत होते. शेजारच्या खाटेवरच्या बायका म्हणायच्या, बहिऱ्याला दिली का गं तुला? मी म्हणायचे, नाही हो, नाद आहे त्यांना गाण्याचा." ती थांबली. "कान ठीक होते ना?"

मंडळ सतरंजीकडे बघत होतं. विमाकाकांनी नकळत मान खाली घातली होती, एक मिनिट शांततेला घालतात तशी. कॅसेट आपली फिरत होती. प्लेअरनं आपोआप बाजू बदलली होती; कुजबुजीचं ते एकच लहानसं गाणं, 'जिना', केव्हाच सुरू झालं होतं आणि संपतही आलं होतं.

"रागावत नाहीये मी," आई म्हणाली. ती खरंच रागावलेली नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली. "बँडला मी केव्हाच माफ केलंय. आता जे माफ करायचंय ते काय आहे, तेवढं कळू दे. ही पोरगी जन्माला येत होती तेव्हा तू कुठे होतास?"

आईनं बाबांना 'तू' म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बाबांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मीही वाट बघत होते. प्रश्न माझाही होता.

कॅसेटवर शेवटचा सूर विरला. नकलांमध्ये मास्तरांनी इथंही कात्री लावली होती, म्हणून पुढचं आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा वाजला. एक कंटाळलेला म्हातारा आवाज म्हणाला, "चला, आटपा आता. कुलूप लावायचंय मला."

बाबा उठले. चष्मा खिशात टाकला. दाराशी बसून त्यांनी बूट चढवले, नाड्या हळूहळू बांधल्या, आधी एका पायाच्या, मग दुसऱ्या. आई तिथंच उभी होती. बाबांनी दार उघडलं आणि ते जिना उतरून गेले.