कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

एकाच ओव्हनसाठी भीमराज तिसऱ्यांदा चिंचवडच्या त्या सोसायटीचा जिना चढत होता. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टने तो लवकर पोचला असता आणि त्याला लवकर पोचायचंच नव्हतं. सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर पिंटू म्हणजे त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान पोरगा. त्याने सकाळी सगळ्यांदेखत बजावलं होतं, की आज ही तक्रार मिटली नाही तर काकांनी येताना गळ्यातलं ओळखपत्र जमा करावं. चोपन्नाव्या वर्षी ते ओळखपत्र गळ्यात पडावं म्हणून भीमराजने दीड वर्ष उंबरे झिजवले होते.

तसा हा माणूस ऐरागैरा नव्हे. महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या, मेंटेनन्सला त्याने सव्वीस वर्षं काढली. मशीन कुरकुरलं की स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, तीन नंबरचं गेलंय. उघडून बघावं तर तीन नंबरचंच गेलेलं. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि हा गडी ते मिरवून घ्यायचा. प्रेसच्या दणदणाटात कान शाबूत राहावेत म्हणून कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. बाकीच्यांनी खुशाल घालावेत, पण डॉक्टरनेच कान बंद केले तर मशीनचं दुखणं ऐकायचं कोणी? त्याचे बोळे सव्वीस वर्षं खिशातच राहिले. मग कंपनीने ती लाइनच दुसरीकडे हलवली आणि डॉक्टर घरी बसला.

विजयश्रीने दार उघडलं. घरी केक करून विकणारी, पस्तिशीतली बाई. ओव्हन अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो आणि केक मधोमध बसतो, हे ती तिसऱ्यांदा सांगत होती, तरी तिच्या बोलण्यात राग नव्हता. भीमराजला त्याचीच जास्त लाज वाटली.

पहिल्या खेपेला त्याने तापमानाचा सेन्सर बदलला होता, दुसऱ्या खेपेला आख्खं सर्किट. ओव्हनच्या मागे एक छोटा पंखा असतो. तो बाहेरचा पत्रा आणि सर्किट गार ठेवतो. तो मंदावला की आतली यंत्रणा फार तापते आणि ओव्हन स्वतःच बंद होतो. हे भीमराजला ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी त्याने स्क्रूड्रायव्हर लावून पंखा ऐकला होता आणि ठणठणीत आहे म्हणून सोडून दिला होता.

आज त्याने ओव्हन कपाटातून पुढे ओढला, चालू केला आणि हवा बाहेर पडते त्या फटीपाशी हात धरला. हवा चांगली होती. वीस मिनिटांनी ती कमी झाली, पंचविसाव्या मिनिटाला हाताला जेमतेम लागत होती. म्हणजे दोष पंख्यातच हवा. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली. काही नाही. दुसऱ्या कानाला लावली. तिथेही काही नाही.

"पंखा तर गप्प फिरतोय," तो स्वतःशीच म्हणाला.

विजयश्रीने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "गप्प कुठे काका? किती किरकिरतोय. पहिल्या दिवसापासून मी तेच सांगतेय."

खरंच सांगत होती. तेव्हा तो हसून म्हणाला होता, पंखा म्हटलं की आवाज यायचाच, ताई. बायको आम्रपाली टीव्हीच्या आवाजावरून रोज कटकट करायची आणि तो तिलाच म्हणायचा, की तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. शेजाऱ्यांची बेल, कुकरची शिट्टी, सगळ्यावर त्याच्याकडे उत्तर होतं. या किरकिरीवर नव्हतं. तो घाबरला. इतका, की हातातला स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

शेवटी त्याने तो तिच्याच हातात दिला. "ताई, मूठ कानाला लावा. कसा आवाज येतो तेवढं मला सांगा."

तिने त्याच्यासारखेच डोळे मिटले. "वाळू घासल्यासारखा येतोय. आणि वाढत चाललाय."

म्हणजे बेअरिंग कोरडं. तापलं की आवळत होतं. ओव्हन गार झाल्यावर त्याने पंखा सोडवला आणि दांडा चिमटीत धरून फिरवला. बोटांना ती खरखर लगेच कळली. बोटं अजून शाबूत होती. बॅगेतला नवा पंखा बसवून त्याने ओव्हन तासभर चालवला. तो बंद पडला नाही. विजयश्रीने त्यात एक केक भाजून पाहिला आणि पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"कान कुठे दाखवलेत का?" तिने विचारलं.

"सर्दी आहे जरा," तो म्हणाला. सेंटरला कळवू नका, एवढं त्याला सांगायचं होतं. डॉक्टरला ते तोंडाने म्हणवलं नाही. हात जोडून तो निघाला.

फाटकाशी पोचेपर्यंत मोबाइलवर, सेंटरच्या अ‍ॅपमध्ये, तिचा अभिप्राय आला होता. पाचपैकी पाच तारे. खाली मनापासून लिहिलं होतं: काम उत्तम झालं. काकांना ऐकू कमी येतं, तरी त्यांनी जिद्दीने दोष शोधला. त्यांना सांभाळून घ्या.

भीमराजने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचत असतानाच पिंटूचा निरोप आला: काका, कामाला लागताना कान चांगले आहेत असं लिहून दिलं होतं तुम्ही. कार्ड जमा करा.

हातातला फोन थरथरायला लागला. आम्रपालीचं नाव दिसत होतं. सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता. भीमराजने फोन कानाला लावला, पण ती काय म्हणते ते त्याला नीट कळेना.

"व्हय," तो म्हणाला, "ओव्हन सुरू झाला."