मेइताईनं पुसलेल्या अटी

सिन्चू शहरातल्या आमच्या कचेरीत ग्वो शू-मेइ सगळ्यांत मोठ्यानं हसायची आणि मिटिंगमध्येही मांसाच्या गोळ्यांचं सूप पीत बसायची. आम्ही तिला मेइ-जिए म्हणायचो, म्हणजे मेइताई. ती ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर लिहायची, संगणक आणि चिप यांच्यातला दुभाष्या म्हणावा असा प्रोग्राम.

आमच्या चिपा तेव्हा हवामानाचं गणित करणाऱ्या मोठ्या यंत्रांत जाऊ लागल्या होत्या. त्या यंत्रांना पडदा नसतो. म्हणून काही चिपांतला चित्र दाखवणारा भाग कारखान्यातच कायमचा तोडलेला असे. काहींत तो शाबूत असे, पण गिऱ्हाईक बंद ठेवायला सांगे. ड्रायव्हर दोन्हींना एकाच मापानं मोजायचा. 'पडद्याचं काम आहे का?' ही अट त्यात जागोजागी घातलेली होती. एखाद्या जागी ती राहिली, की तो नसलेल्या भागाला हाक मारी आणि यंत्र गोठून जाई.

ऐन वादळाच्या तोंडावर एका गिऱ्हाइकाचं यंत्र असंच गोठलं. आमचे मुख्य, फंग साहेब, तिच्या टेबलाशी आले.

"मेइ, एक अट घाल आणि मोकळी हो."

"मागच्या वेळीही मोकळीच झाले होते, साहेब."

"मग आता काय, सगळा ड्रायव्हर उकरणार?"

"उकरते. तुम्ही माझ्या जेवणाचं बघा."

तात्पुरती अट घालून तिनं ते यंत्र चालू करून दिलं आणि मग खरंच उकरायला बसली. सुरुवातीलाच चिपला एकदा विचारायचं. भाग नसेल किंवा बंद ठेवायचा असेल, तर 'नाही' अशी नोंद करायची आणि पुढच्या सगळ्या अटी पुसायच्या. मी शेजारीच बसायचो. ओळीमागून ओळी जाताना बघायचो.

पहिल्या चाचणीत तोडलेल्या भागाची चिप सुरळीत चालली. नुसत्या बंद ठेवलेल्या भागाची मात्र काही काम नसताना तापली. मेइताईनं तिच्यावर हात धरून पाहिला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "यंत्र सुरू होतानाच, ड्रायव्हरच्या आधी, दुसरा एक प्रोग्राम हा भाग जागा करतो. मी त्याला नाहीच म्हटलं, मग झोपवणार कोण? जे नाही ते विसरायचं. जे आहे, त्याला आधी नीट झोपवायचं."

त्या चिपसाठी तिनं ड्रायव्हरला नेहमीसारखा सगळा भाग ताब्यात घ्यायला लावला, शिस्तीत बंद करायला लावला. फक्त कुणी विचारलं, की पडदा जोडलाय का, तर उत्तर द्यायचं, 'नाही.' बस्स, एवढंच.

चिप गार पडली. फंग साहेब तिच्या पडद्यावर पुसलेल्या ओळी खाली खाली सरकवत राहिले, मग खुर्ची ओढून बसले.

"इतकं साधं होतं हे?"

"आता दिसतंय साधं," मेइताई म्हणाली.

पुढच्या हंगामात आम्ही दोघं त्या गिऱ्हाइकाच्या यंत्रशाळेत गेलो. बाहेर वादळ आमच्या बेटाकडे सरकत होतं. आत कपाटांच्या रांगाच रांगा, कुठं एक पडदा नाही, नुसती पंख्यांची घरघर. आणि त्या अंधाऱ्या पेट्या समुद्रावरच्या वाऱ्याचा मार्ग मांडत होत्या. माझ्या अंगावर काटा आला. मेइताईकडे पाहिलं, तर देवळात उभं राहावं तशी हात जुळवून उभी होती.

"बोलू नकोस," ती हळूच म्हणाली. "चाललंय त्यांचं."