पुतळ्याच्या अंगावरची चोळी

म्हेन्दोचा आवाज मोठा, आणि त्यापायी तिने जन्मभर बोलणी खाल्ली. माहेरी थुमनला असताना बाप म्हणायचा, हिला पलीकडच्या डोंगरावर दिली तरी हिची भांडणं आपल्याला अंगणात बसून ऐकू येतील. तिला खरंच पलीकडच्या डोंगरावर, ल्हाङसाला दिली. बापाला काही ऐकू आलं की नाही कोण जाणे, ती भांडली मात्र भरपूर. पाण्यावरून भांडली, सरपणावरून भांडली, कुणाच्या चौरीगाईने कुणाची नाचणी खाल्ली यावरून भांडली. सगळ्यात जास्त भांडली ती सासूशी. आणि गावाने तिला ज्या एका भांडणाबद्दल अजून माफ केलेलं नाही, तेही सासूच्याच दिवसकार्यावरून सुरू झालं.

नेपाळच्या मोठ्या भूकंपात ल्हाङसाची लाकडी छपरं गेली आणि पत्रे आले. पत्र्यांच्या मागोमाग पाहुणे आले. स्याफ्रुबेसीहून चढायचं, तामाङांच्या एका गावातून दुसऱ्या गावात मुक्काम करत जायचं, लोकांच्या घरात राहायचं, त्यांच्या चुलीपाशी जेवायचं, असा हा प्रवास. गावात त्यासाठी समिती झाली. पाहुणे कुणाच्या घरी उतरणार ते पाळीने ठरायचं, म्हणजे एकाच घराचं पोट भरायला नको. समितीचा प्रमुख ग्याल्बो, म्हेन्दोच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. ग्याल्बो वाईट माणूस नव्हता हे आधीच सांगितलेलं बरं. भूकंपानंतर वाट तुटलेली असताना म्हेन्दोच्या घराचे पत्रे त्याने स्वतःच्या पाठीवरून वर आणले होते. वाईट माणूस असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

पाहुण्यांचं म्हेन्दोला आधी कौतुक वाटलं, मग कंटाळा आला, मग राग. ते विचारल्याशिवाय फोटो काढत. पोरांच्या शेंबडाचा फोटो, वाळत घातलेल्या परकराचा फोटो, चुलीत फुंकर मारताना लाल झालेल्या तिच्या डोळ्यांचा फोटो. एकदा त्यांच्याबरोबर आलेल्या वाटाड्याने तिला सांगितलं, दिदी, तो स्वेटर काढा आणि पायातले बूटही काढा, ते असली, म्हणजे खरं गावचं, वाटत नाही. कातळावर बर्फ होतं. असली दिसण्यासाठी तिने त्या बर्फावर अनवाणी उभं राहायचं आणि ज्यांना असली बघायचंय त्यांनी गुडघ्यापर्यंत बूट घालून समोर उभं राहायचं, हा कुठला न्याय?

तरी तिने समितीला विरोध केला नाही, कारण संग्मू. संग्मू तिची एकुलती एक मुलगी, शाळेत जाणारी, नाचायला एका पायावर तयार. पाहुणे आले की संध्याकाळी गावच्या मुली डंफूच्या तालावर नाचत, त्यात ती सगळ्यात पुढे. मुलींचे कपडे समितीच्या घरात एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेले असत, कारण पाहुण्यांनाही ते घालून फोटो काढून घ्यायचे असत. म्हेन्दोला ती पेटी कधीच पटली नाही. तिने ग्याल्बोला विचारलंही होतं, पोर माझी, कपडे मी शिवले, मग पेटी तुझी कशी? ग्याल्बो तिला भाउजू, म्हणजे वहिनी म्हणायचा. तो हसून म्हणाला होता, भाउजू, तुम्हाला भांडायला विषय लागतो. आणि संग्मूने आईकडे असं बघितलं की म्हेन्दोने तो विषय सोडला.

पेटीतल्या कपड्यांत संग्मूची लाल मखमली चोळी होती. बाह्यांच्या कडांना म्हेन्दोने निळ्या धाग्याची वेल भरली होती. डाव्या बाहीवर निळा धागा संपला. बाजार खाली, चढउतार दिवसाची. म्हणून वेलीची शेवटची दोन पानं तिने हिरवी भरली. संग्मू त्यावरून कुरकुरली, मग तीच पानं मैत्रिणींना दाखवत फिरली.

त्या शरदात सासू गेली. लामांनी घेव्याचा दिवस काढून दिला. घेवा म्हणजे मेलेल्याला शेवटचं वाटेला लावणं. बांबूचा सांगाडा करायचा, त्याला मेलेल्याचेच कपडे घालायचे, त्याचीच टोपी, त्याचीच माळ. मग तो जीव त्या कपड्यांची ओळख धरून येतो आणि पुतळ्यात बसतो. त्याला जेवू घालायचं, रडून घ्यायचं, काय बोलायचं राहिलं असेल ते बोलायचं, आणि लामांनी वाट दाखवली की पुतळा मोडून टाकायचा. त्यानंतर त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव ऐकलं तर तो अर्ध्या वाटेवरून मागे वळतो.

दिवस ठरला आणि ग्याल्बो दारात आला. काठमांडूच्या वाटाड्याचा फोन होता. विप्लव त्याचं नाव, शिकलेला पोरगा, बोलायला गोड. त्याच्याबरोबर पाहुण्यांची मोठी मंडळी येणार होती आणि त्यांना घेवा बघायचा होता. तेव्हा घेवा चार-पाच दिवस पुढे ढकलता येईल का, असं तो विचारत होता. ग्याल्बोने हे खाली बघून विचारलं, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

म्हेन्दो लोणी घुसळत होती. ती थांबली नाही. "म्हातारी जिवंतपणी जेवणासाठी कुणाकरता थांबली नाही. आता थांबेल?"

घेवा ठरल्या दिवशीच झाला. नवरा वरच्या कुरणावरून खाली आला, सोयरेधायरे आले, रक्सीची दारू वाहिली. ज्या सासूशी ती जन्मभर भांडली, तिच्या पुतळ्यापुढे म्हेन्दोने चहा ठेवला, म्हातारीला आवडायचं तसं त्यात जास्तीचं मीठ टाकून. ठेवताना तिचा तो मोठा आवाज फुटला आणि सगळ्या बायका रडल्या. लामांनी म्हातारीला मार्गाला लावलं. पुतळा मोडला. कपडे दान गेले. नवरा पुन्हा कुरणावर चढला.

गोष्ट तिथे संपायला हवी होती.

पण विप्लवने आपल्या मंडळींना घेवा दाखवतो असं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यासाठी त्यांच्याकडून जे घ्यायचं ते घेऊनही झालं होतं. मंडळी आली आणि पाळी नेमकी म्हेन्दोच्या घराची निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या धारेवर ग्याल्बोच्या बायकोने तिला हळूच सांगितलं, दुपारी पुन्हा करताहेत. पुतळाही बांधून झालाय.

म्हेन्दो भरलेली घागर तिथेच टाकून ग्याल्बोच्या दारी गेली. ग्याल्बोने तिला समजावलं, अगदी शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं. "तुमच्या सासूचा नाही हो, भाउजू. नाव घेणार नाही, मंत्र म्हणणार नाही. कुणाचाच नाही तो. नुसता दाखवायचा."

"लामा काय म्हणाले?"

लामा काही म्हणाले नव्हते. सकाळीच गुडघे दुखतात म्हणून शेकायला तातोपानीच्या गरम झऱ्यांना निघून गेले होते. गुडघे दुखणारा माणूस अर्ध्या दिवसाची चढण चढून गेला, यातच काय ते ग्याल्बोने समजायला हवं होतं. त्याला समजलंही असेल. पण मंडळी रागावून गेली तर विप्लव पुढची मंडळी पलीकडच्या गावाला नेईल, आणि गावात अजून तीन घरांवर नुसती ताडपत्री होती. हे त्याने म्हेन्दोला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. खोटं नव्हतं म्हणून ते बरोबर होतं का? मेलेल्याला बोलवायचं आसन मांडायचं आणि म्हणायचं की आम्ही कुणाला बोलावलेलं नाही. दार उघडं टाकून, जेवण वाढून, दिवा लावून बसायचं, आणि कुणी आत आलं तर?

"कपडे कुणाचे घालणार?" म्हेन्दोने विचारलं.

"समितीचे," ग्याल्बो म्हणाला.

ती परत आली, कारण चुलीवर पाहुण्यांसाठी नाचणीचं ढिंडो शिजत होतं आणि पाळी म्हणजे पाळी. तिने त्यांना जेवू घातलं. बटाटे वाढले, आंबवून वाळवलेल्या पाल्याचा, गुंद्रुकचा रस्सा वाढला. त्यातल्या एका वयस्क बाईने हात जोडून काहीतरी म्हटलं, बहुतेक आभारच असतील. म्हेन्दोने भांडी आपटली. मंडळी उठून ढोलाच्या दिशेने गेली आणि ती राखेने भांडी घासत बसली. जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण संग्मू तिकडेच गेली होती, आणि जिथे मेलेल्याचं आसन मांडलंय तिथे आपली पोर उभी आहे, हे काही तिला बसू देईना.

गोंपाच्या, गावच्या बौद्ध मंदिराच्या, पुढच्या मोकळ्या जागेत पुतळा बसवला होता. पुढे भात, अंडी, रक्सी. ग्याल्बो ढोल वाजवत होता. गावच्या बायका मागे मागे, भिंतीला पाठ लावून. मुली एका कडेला, त्यांच्यात संग्मू शाळेच्या गणवेशात. आईला बघून ती तोंडावर हात ठेवून हसली. "आमा, बघ ना. त्याने माझीच घातलीय."

म्हेन्दोने बघितलं. लाल मखमल. निळी वेल. डाव्या बाहीवर शेवटची दोन पानं हिरवी.

तिने आधी काय केलं, तर संग्मूच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. मानेला लावला. मग ती बायकांमधून, पाहुण्यांमधून वाट काढत पुढे गेली आणि ढोलासमोर उभी राहिली.

"ग्याल्बो, हा कोण आहे?"

"कोणी नाही, भाउजू. सांगितलं ना."

"नीट बघून सांग. बाही बघ."

ग्याल्बोने बाही बघितली. ती दोन पानं गावात कुणाला माहीत नव्हती? त्याच्या हातातली ढोलाची वाकडी काठी खाली आली आणि पुन्हा वर गेली नाही. त्याने पेटी उघडली होती आणि सगळ्यात वर होती ती चोळी घेतली होती, एवढंच. पेटीत गेलेले कपडे कुणाचेच नसतात असं त्याला खरंच वाटलं होतं. इतके दिवस ते कुणीही अंगात घालत होतं, त्यामुळे. पण तो तामाङ होता, आणि जिवंत माणसाच्या कपड्यांची ओळख पुतळ्याला दिली तर त्या माणसाचाच जीव ओढला जातो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मागच्या बायकांमध्ये कुणीतरी तोंडातल्या तोंडात मंत्र पुटपुटू लागलं. संग्मूचं हसू गेलं.

विप्लव पुढे आला. "दिदी, पाचच मिनिटं. मग लगेच काढू."

"तुझ्या आईची साडी आण," म्हेन्दो म्हणाली. "ती नेसव याला. मग पाच मिनिटं काय, दिवसभर वाजव."

त्या वयस्क पाहुणीने विप्लवला काहीतरी विचारलं, हे काय चाललंय असंच असणार. आणि त्याने मागे वळून हसत उत्तर दिलं. ग्याल्बोला थोडी इंग्रजी येत होती. त्याने ते नंतर बायकोला सांगितलं आणि बायकोने गावाला. विप्लव म्हणाला होता, हासुद्धा विधीचाच भाग आहे. ते ऐकून सगळ्यांचे कॅमेरे वर झाले. एका आईला पोरीच्या जिवाची धास्ती, आणि समोर माणसं एक डोळा मिटून उभी.

म्हेन्दोने पुतळ्याची टोपी काढली, माळ काढली. चोळीच्या गाठी तिने एकेक करून सोडल्या, फाडलं काही नाही. बांबू उघडा पडला. चोळी हातात घेऊन ती उभी राहिली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता हिचं काय करायचं ते तिला माहीत नाही. ही चोळी संग्मूच्या अंगात पुन्हा घालता येणार नव्हती. जाळली तर पोरीलाच जाळल्यासारखं. ग्याल्बो धुपीच्या पाल्याच्या धुराने शुद्ध करू म्हणाला. कुणीतरी म्हणालं, गावाबाहेरच्या कुणाला देऊन टाका. विप्लव म्हणाला, या मंडळींपैकी कुणीही आनंदाने विकत घेईल. हे तो खरोखर म्हणाला.

म्हेन्दोने अंगातला स्वेटर डोक्यावरून काढून खाली टाकला आणि आतल्या पोलक्यावर ती चोळी चढवली. संग्मूची चोळी ती, म्हेन्दोला कुठून येणार? बाह्या कोपराच्या जरा खाली थांबल्या, काखेत शिवण उसवली, पुढच्या गाठी कशाबशा लागल्या. मग ती पुतळ्याकडे, त्या उघड्या बांबूकडे वळली आणि तिच्या नेहमीच्या आवाजात, जो थुमनपर्यंत जातो, म्हणाली, "आता ही माझी. ही बघून कुणाला यायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं."

मग तिने संग्मूचं मनगट धरलं आणि घरी गेली. फोटो निघत राहिले.

संग्मूला काही झालं नाही. पण ते आज सांगायला सोपं. तो सगळा हिवाळा म्हेन्दोने कसा काढला ते तिलाच ठाऊक. पोर खोकली की तिचा हात थांबायचा. खाली धुन्चेला शाळेसाठी राहायला गेली की ही गोठ्यामागच्या दगडावर, जिथे फोन लागतो तिथे, जाऊन उभी राहायची आणि विचारायची, जेवलीस का, कपाळाला हात लावून बघितलंस का. संग्मू वैतागायची. आमा, स्वतःच्या कपाळाला हात लावून काय कळतं? लामा तातोपानीहून परतले तेव्हा त्यांना तिने विचारलं, मी केलं ते चाललं का? पोथीत असं काही नाही, लामा म्हणाले. मग म्हणाले, पण माझे गुडघे दुखायला नको होते.

चोळी तिने काढली नाही. धुवायची, रात्रभर चुलीवर वाळवायची, सकाळी पुन्हा अंगात. शेण काढताना तीच, शेतात तीच. आणि पाण्याला जाताना मुद्दाम ग्याल्बोच्या दारावरून. लोक म्हणाले, हे आता फार झालं. फार झालं ते हिचं? शेवटी ग्याल्बोनेच एकदा तिला वाटेत थांबवलं आणि म्हणाला, भाउजू, समिती नवी मखमल आणून देईल, आता ही काढा. ती म्हणाली, काढते, तू घाल. ग्याल्बो बाजूला झाला.

पेटी तेवढी रिकामी झाली. पुतळा उघडा पडला त्याच आठवड्यात एकेका मुलीची आई गेली आणि आपापले कपडे उचलून घेऊन आली. संग्मूसाठी म्हेन्दोने नवी चोळी शिवली. संग्मूने पुन्हा दोन पानं हिरवी मागितली. आईने ऐकलं नाही. सगळी वेल पिवळी भरली आणि चोळी आपल्या पलंगाखाली ठेवली.

वसंतात विप्लव नवी मंडळी घेऊन आला. त्याने ग्याल्बोला बाजूला घेऊन विचारलं, या वेळी गावात कुणाचा घेवा आहे का? तेव्हाच म्हेन्दो पाठीवर बांबूची टोपली, डोको घेऊन खालून चढत होती. चोळीची मखमल पार उडाली होती, कोपराला ठिगळं, रंग विटेसारखा झालेला. फक्त ती दोन पानं दुरूनही दिसत होती.

ग्याल्बोने तिच्याकडे हनुवटीने दाखवलं. "तिला विचार."

विप्लवने बुटाची नाडी बांधायला खाली वाकून घेतलं. म्हेन्दो त्याच्या वाकलेल्या डोक्याशेजारून निघून गेली.