नीलम्माची सोन्याची डबी

मठाकडची निम्मी वाट सरली, तरी नीलम्मानं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. जळकोटहून दोघी उजाडताच निघाल्या होत्या. नीलम्मा लंगडत, गळ्याला पट्टी. शेजारच्या दामिनीनं पुन्हा बाटली पुढं केली.

"नीलक्का, ओठ फुटून रक्त येऊन राहिलंय. घोटभर घ्या."

"लिंगायताच्या गळ्यात इष्टलिंग न्हाई, अन् पाणी पिऊ? मुडद्याला पाणी पाजतात का गं?"

दामिनीनं बाटली पिशवीत घातली. नीलम्माची पिठाची गिरणी. पण सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय बाई गिरणीचं बटण दाबायची नाही. लिंग चांदीच्या डबीत, पदराआड असायचं.

उदगीरच्या लग्नात जाऊबाई उमादेवी चारचौघींत म्हणाली, "गिरणी एवढी धो धो चालते, अन् देव अजून चांदीतच व्हय?" बाया खिदळल्या. ते खिदळणं नीलम्माच्या काळजात रुतलं. तिनं पाटल्या मोडल्या, सोन्याची डबी घडवली आणि काल नायगावच्या बारशात पदरावर मिरवली. देव झाकून ठेवायचा असतो, हे लेकरालाही कळतं. काल तिला कळलं नाही.

परतताना बसस्टँडबाहेर मोटारसायकलवरच्या एका पोरानं डबीला हिसका दिला. रेशमाचा दोरा तुटेना. नीलम्मा गळ्यानं फरफटत गेली. दोरा मांसात घुसला, गुडघ्यांची कातडी डांबराला चिकटून राहिली. नवरा मलप्पा गाडीला आडवा आला, तर पोरानं लोखंडी गज सरळ त्याच्या डोळ्यावर घातला. त्या झटापटीत गाडी घसरली अन् लोक पोरावर तुटून पडले. रक्तानं भिजलेली नीलम्मा गर्दीत घुसली. दगड उचलून तिनं पडलेल्या पोराच्या तोंडावर घातला. परत घातला.

"अक्का, पुरे! मरंल की तो!" म्हणत बायांनी ओढली, तेव्हा थांबली.

मलप्पाचा डोळा गेला. लेक त्याच्यापाशी दवाखान्यात बसलाय. त्याच दवाखान्यात ते पोर बेशुद्ध आहे. कुणीतरी चेपलेली डबी नीलम्माच्या ओटीत टाकली. सोनं सगळं होतं. आत लिंग नव्हतं. नाली उपसली, माती चाळली. देव काही हाती लागला नाही.

मठाचा कळस दिसला. स्वामी आज नवं लिंग देणार होते. नीलम्मा बाभळीखाली थांबली.

"दामिनी, स्वामींनी दिलेलं लिंग मी गळ्यात बांधीन. पूजेला मात्र तुझ्या तळहातावर धरशील?"

"असं कसं, अक्का? ज्याचं त्यानंच धरायचं असतं."

नीलम्मानं डावा हात उघडला. तळव्यावर दगडाचे ओरखडे होते.

"मी डावखुरी हाय गं. दगड ह्याच हातानं घातला. ते पोर डोळे उघडेपर्यंत तू धर, माय. मी नुसता बेल वाहीन."