वरच्या ओळीची मोठी पानं

सोमनाथ मूळचा पेणचा, मंडळांचे उंच गणपती घडवणारा. १९९७ साली तो आखातात, अमिरातीतल्या उम्म अल कुवैनमध्ये जिप्समची नक्षी करत होता. एका व्हिलाच्या दोन मजली भिंतीवर त्याने वरची पानं खालच्यांपेक्षा मोठी केली. शिडीवर चढलेले इंजिनिअर चारुदत्त वैतागले.

"ड्रॉइंगमध्ये सगळी सारखी आहेत. तोड ही, खलास."

तीन आठवड्यांचं काम मातीत जाणार होतं. सोमनाथ शांतपणे म्हणाला, "साहेब, घरमालक शिडीवरून बघणार नाही. दारात उभे राहा."

चारुदत्त खाली उतरून दारात गेले. वरची पानं लांब असल्याने लहान दिसत होती, त्यामुळे तिथून सगळी सारखीच वाटली.

"पाचशे वर्षांपूर्वी, रेनेसाँच्या काळात युरोपातले शिल्पकार हेच करायचे. बघणाऱ्या माणसाची नजर हेच त्यांचं माप," चारुदत्त म्हणाले. "तू कुठे शिकलास?"

"मंडपात, लोकांच्यात उभं राहून."

चारुदत्तांनी नक्षी राहू दिली आणि ड्रॉइंग बदललं.